बारावीच्या गुणपत्रिकेशिवाय महाविद्यालय

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलामुलींच्या शिक्षणाचा विचार आपल्याकडे बहुधा अठराव्या वर्षापाशी येऊन थांबतो. त्यानंतर कार्यशाळा असते, आणि तिथे पणत्या रंगवणे, राख्या करणे, कागदी पिशव्या चिकटवणे ही कामे वर्षानुवर्षे चालतात. पुण्यातील एका विशेष शाळेत शिकवत असताना मीही पालकांना हाच मार्ग सांगत असे, कारण सांगण्याजोगा दुसरा मार्ग उपलब्धच नव्हता. या कामांना मी कमी लेखत नाही. मात्र विसाव्या वर्षी एखाद्याला काय शिकावेसे वाटते, हा प्रश्न त्या व्यवस्थेत कोणी विचारत नाही.

माझा भाचा अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात वाढला. त्याला डाऊन सिंड्रोम आहे. त्या राज्यात विशेष शिक्षणाची जबाबदारी विद्यार्थ्याच्या बाविसाव्या वाढदिवसापर्यंत शाळा-प्रशासनावर असते, आणि २००७ पासून तिथे अशी योजना आहे की शेवटची काही वर्षे विद्यार्थ्याने शाळेच्या इमारतीत बसून काढण्याऐवजी सार्वजनिक महाविद्यालयात जावे. भाच्याने छायाचित्रणाचा वर्ग निवडला. परीक्षेच्या श्रेयांकांसाठी त्याची नोंदणी नव्हती, परंतु वर्ग तोच, प्राध्यापक तेच आणि सहाध्यायीही तेच होते. इतरांनी जिथे दीर्घ निबंध लिहिला, तिथे त्याने स्वतः काढलेली छायाचित्रे लावून त्यांविषयी तोंडी सांगितले. सोबत एक शैक्षणिक साहाय्यक असे. तिचे काम मी मुद्दाम विचारून घेतले, कारण आमच्याकडे मदतनीस म्हणजे मुलाच्या शेजारी बसून त्याची वही पुरी करणारी व्यक्ती. इथे सुरुवातीला ती शेजारी बसली, मग मागच्या रांगेत गेली आणि सत्र संपत आले तेव्हा वर्गाबाहेरच थांबू लागली. टिपणे देण्याचे काम एका सहाध्यायाने आपणहून घेतले होते. बसने एकट्याने जायला शिकणे हाही त्या आराखड्याचाच भाग होता, आणि माझ्या बहिणीची झोप छायाचित्रणापेक्षा त्यानेच अधिक उडवली, हे इथे नोंदवायला हरकत नाही.

राज्याच्या या योजनेला पुढे केंद्रीय कायद्याचीही जोड मिळाली. अमेरिकेच्या २००८ च्या उच्च शिक्षण कायद्याने बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना, शालान्त प्रमाणपत्र नसले आणि पदवी मिळवण्याचा हेतू नसला तरी, मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांसाठी पेल अनुदानासारखे (गरजू विद्यार्थ्यांना मिळणारे, परत न करावे लागणारे) सरकारी अर्थसाहाय्य खुले केले. शैक्षणिक कर्ज मात्र त्यातून वगळले आहे. त्या मान्यतेसाठी एक अट आहे, आणि माझ्या मते सारे मर्म त्या अटीत आहे: अभ्यासक्रमाचा किमान निम्मा भाग दिव्यांग नसलेल्या विद्यार्थ्यांसोबत, वर्गात किंवा प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी, झाला पाहिजे. ही अट नसती तर महाविद्यालयाच्या आवारात एक वेगळी खोली काढून तिला महाविद्यालयीन शिक्षण म्हणणे सोपे होते. २०१० मध्ये असे अभ्यासक्रम उभारण्यासाठी २७ प्रकल्पांना केंद्रीय निधी मिळाला.

त्या देशात सगळे सुरळीत आहे, असे मात्र नाही. दिव्यांग कामगाराला किमान वेतनाहून कमी पैसे देण्याची मुभा ठेवणारे १९३८ च्या कायद्यातील कलम अजूनही पूर्णपणे गेलेले नाही. त्यामुळे महाविद्यालयाच्या ग्रंथालयात भाच्याला तासाचे जे वेतन मिळाले ते इतर विद्यार्थ्यांइतकेच होते, याला मी गुणपत्रिकेहून अधिक महत्त्व देते.

आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा कागदावर बराच उदार आहे. कलम ३२ नुसार शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव असून वयोमर्यादेत ५ वर्षांची सवलत आहे. कलम ३४ मधील ४ टक्के शासकीय नोकऱ्यांपैकी १ टक्का ज्या गटासाठी आहे, त्यात बौद्धिक दिव्यांगत्वाचाही समावेश होतो. परंतु राखीव जागेवर प्रवेश मिळवायलाही बारावी उत्तीर्ण व्हावे लागते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून चित्रकला, गृहविज्ञान, डेटा एन्ट्री असे विषय घेऊन, ५ वर्षांत ९ वेळा परीक्षा देण्याच्या सोयीचा उपयोग करून काही मुले दहावीपर्यंत जिद्दीने पोहोचतात. त्यापुढे वाट अरुंद होत जाते, आणि बहुसंख्य मुलांच्या वाट्याला ती राखीव जागा कधी येतच नाही. आरक्षणाने जागांची संख्या ठरवली. प्रवेशाची पात्रता आणि वर्गात बसण्याचा हेतू पदवीपुरताच राहिला.

पुण्यातील एका प्राचार्यांपुढे मी हे मांडले आणि पदवीविना, केवळ दोन विषयांसाठी अशा विद्यार्थ्याला वर्गात बसू द्यावे अशी विनंती केली. त्यांचा विरोध नव्हता. त्यांनी विचारले, हजेरीपटावर त्याचे नाव कोणत्या रकान्यात घालायचे, शुल्क कोणत्या शीर्षकाखाली घ्यायचे आणि त्याला अपघात झाला तर विद्यार्थी म्हणून विमा लागू होईल का. प्रश्न रास्त आहेत. एकट्या प्राचार्यांच्या सद्भावनेवर ते सुटणारे नाहीत. विद्यापीठाने आपल्या अध्यादेशात अशा विद्यार्थ्यांचा स्वतंत्र प्रवर्ग निर्माण करून त्यांना ओळखपत्र आणि शेवटी काय शिकले याचे प्रमाणपत्र द्यावे, असा अर्ज आम्ही काही पालक आणि शिक्षक मिळून सध्या तयार करत आहोत.