डिटेक्टर शून्यावर, वास मात्र कायम

कोकणातल्या एका एमआयडीसीत आमचा प्रायोगिक बायोफिल्टर बसवलाय. कारखान्याच्या ईटीपीवरची, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावरची, घाण हवा ब्लोअरने ओढायची, ओली करायची आणि कंपोस्ट व नारळाच्या काथ्याच्या थरातून सोडायची. सडक्या अंड्यासारखा वास येणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड वायूचा समाचार थरातले जिवाणू घेतात. त्या दिवशी अहवालावर सह्या व्हायच्या होत्या. बाहेर पडणाऱ्या हवेत हायड्रोजन सल्फाइडचा डिटेक्टर शून्य दाखवत होता.

आवारात झाडलोट करणाऱ्या मावशी तेवढ्यात म्हणाल्या, "साहेब, अंड्याचा वास गेला, पण कुजक्या कोबीचा येतोय."

सहीसाठी आलेल्या अधिकाऱ्यांनी मीटरकडे बोट दाखवलं. मी मात्र थेट फिल्टरच्या ड्रेनपाशी गेलो. 'कोबी' म्हटलं की आमच्या धंद्यात डायमिथाइल सल्फाइड हा गंधकाचा दुसरा वायू आठवतो, आणि आमचा डिटेक्टर त्या वायूसाठी नाहीच. ड्रेनच्या पाण्यात पीएचची पट्टी बुडवली, लालभडक झाली. पीएच दोनच्या आसपास, म्हणजे चांगलंच आम्ल.

गोम इथेच आहे. हायड्रोजन सल्फाइड खाणारे जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात आणि स्वतः त्या आम्लात मजेत जगतात. डायमिथाइल सल्फाइड पचवणाऱ्यांना मात्र साधारण उदासीन पीएच लागतो. म्हणजे पहिलं काम जितकं चोख, तितकी दुसऱ्या कामाची वाट लागते. एकाच थराकडून दोन्हीची अपेक्षा धरणं चूक. दोन थर हवेत: पहिला आम्लातच चालू द्यायचा, दुसऱ्यात शिंपल्यांचा चुरा घालून पीएच सांभाळायचा. शिंपले म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि किनाऱ्यावर त्यांना तोटा नाही.

टेडलर बॅगेत, म्हणजे हवेचे नमुने घ्यायच्या खास प्लास्टिक पिशवीत, नमुने भरून त्याच दिवशी जीसीसाठी (गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे हवेतले वायू वेगवेगळे करून ओळखायची चाचणी) पाठवले. गंधकाची संयुगं बॅगेत फार टिकत नाहीत. निकाल मावशींच्या बाजूने लागला.

नाकावर सर्रास भरवसा ठेवा असं मी म्हणणार नाही. हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत शंभर भाग) घरात गेला की वास येणंच बंद होतं, आणि माणूस त्यातच जीव गमावतो. पण बाहेरच्या विरळ हवेत नाक आमच्या डिटेक्टरच्या कितीतरी पुढे आहे. करारात नाव असलेला तेवढाच वायू मोजायचा, ही सवय मला मनापासून खटकते. वाडीतल्या लोकांना करार नाही, हवा लागते.

"करारात नाही ते कशाला लिहिता?" असं अधिकाऱ्यांनी विचारलं. मी जीसीचा निकाल अहवालात घातला, मगच सही केली. त्यांची सही अजून आलेली नाही. दुसऱ्या थराचं काम आम्ही सुरू केलंय.