कायले लिहून रायली?

ही पोस्ट गावातूनच लिहितेय, विदर्भातल्या वणी तालुक्यातून, रेंज मिळेल तशी. नाताळच्या सुट्टीत लेकीला घेऊन माहेरी आलेय आणि तिच्या दप्तरातून शाळेचं एक कामही आलंय: एखाद्या विषयाची माहिती स्वतः काढायची आणि तिचं छोटं पुस्तक करायचं. गोष्ट नाही, कविता नाही. पोरगी दुसरीत आहे!

ओसरीवर ती वहीत डोकं खुपसून बसलेली पाहून तिचे आबाजी म्हणाले, "कायले लिहून रायली वं?" तिकडे अमेरिकेत, ओहायोतल्या तिच्या शाळेतल्या बाईही लिहायच्या आधी नेमकं हेच विचारतात. कशासाठी? आणि कोणासाठी?

या प्रश्नाने मला गेले काही महिने छळलंय. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी २०१० पासून कोणत्या इयत्तेत पोरांना काय यावं याचा कॉमन कोअर नावाचा आराखडा घेतला, पुढे काहींनी नाव बदललं, काहींनी फेरफार केले. त्यात अगदी बालवाडीपासून लिहिण्याचे तीन हेतू वेगळे ठेवलेत: आपलं मत पटवणं, माहिती समजावणं आणि घडलेलं सांगणं. चौथीच्या वाचनात माहितीपर मजकूर निम्मा, बारावीपर्यंत सगळ्या विषयांचं मिळून ७० टक्के, अशी अपेक्षा. कथा-कविता मागे पडतील म्हणून तिकडे यावर भांडणंही भरपूर झाली.

पण आकडे सोडा. एक तास मी वर्गात मागे बसून पाहिला. मुलांनी 'ब्रेडला जॅम कसा लावायचा' ते लिहिलं होतं. एकाने लिहिलं, जॅम ब्रेडवर ठेवा. बाईंनी अख्खी बाटली उचलून ब्रेडवर ठेवली आणि गंभीर चेहऱ्याने पुढची ओळ वाचायला घेतली. झाकण उघडा हे कुणीच लिहिलं नव्हतं. हसता हसता पोरांनी आपापली वही ओढली आणि खोडरबर फिरवायला सुरुवात केली. वाचणाऱ्याला काय माहीत नाही, हे सात वर्षांच्या पोराला एका बाटलीत कळलं.

आणि आम्ही? शेतकऱ्याच्या घरात बसून 'मी शेतकरी बोलतोय' हा निबंध गाइडमधून पाठ केला. बाप समोर पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, डवरा मारून आलेला, पाय धुतोय, आणि मी लिहितेय, 'मी जगाचा पोशिंदा आहे.' बापाला एक प्रश्न विचारावा असं ना मला सुचलं ना गुरुजींना. सुरुवात, मध्य, शेवट, मधे एक सुभाषित, अक्षर वळणदार, झाले गुण. आता दहावीच्या मराठीत बातमी, जाहिरात, सारांश असं उपयोजित लेखन असतं, मान्य. पण तोवर पोरगं पंधरा वर्षांचं झालेलं असतं हो.

तिकडचं सगळं सोनं आहे असं नाही. निम्मा वर्ग पेंग्विनवर लिहितो, आणि पानापानावर 'तुम्हाला माहीत आहे का?' अशी चौकट. शिवाय हातातल्या कामातून शिकायचं ही काही त्यांनी आम्हाला शिकवायची गोष्ट नव्हे. १९३७ साली आमच्या वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींची नई तालीम पुढे आली, टकळीवर सूत काढता काढता गणित. माहितीचं म्हणाल तर अमरावतीत शिकलेले श्रीधर व्यंकटेश केतकर कॉर्नेलची डॉक्टरेट घेऊन परत आले आणि २३ खंडांचा ज्ञानकोश उभा केला. (ते परत आले, तू कुठे आलीस, असं कुणी लिहिण्याआधी सांगते: मला २३ खंड काढायचे नाहीत. लेकीची शाळा आहे, घराचे हप्ते आहेत.)

असो. लेकीने विषय घेतला कापूस, कारण वर्गातल्या कुणी तो झाडावर पाहिलेला नाही. आबाजी म्हणाले, फूल पयल्या दिवशी पांढरं रायते, दुसऱ्या दिवशी गुलाबी. "तुम्हाला कसं माहीत?" आबाजी उखडले. "अवं, जनम गेला पऱ्हाटीत!" पण ते स्वतःच तिला वावरात घेऊन गेले, उशिराचं एक पांढरं फूल शोधलं आणि त्याच्या देठाला लाल दोरा बांधला. दुसऱ्या दिवशी फूल गुलाबी. वहीत तिने दोन्ही फुलं काढली, खाली लिहिलं: 'आबाजींनी सांगितलं, मग मी पाहिलं.' वेचणाऱ्या बायांच्या कमरेच्या ओटीचंही चित्र आहे. वाळलेल्या बोंडाच्या नख्या बोटांना कशा टोचतात तेही, कारण तिने दहा मिनिटं वेचून पाहिलं आणि रडत परत आली.

माझा भाचा, दादाचा पोरगा, जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला. त्याच्या वहीतला कापूस 'पांढरे सोने' होता, चार ओळींत संपलेला. त्याला म्हटलं, हिला भोवरा फिरवता येत नाही, हिच्यासाठी लिही. पहिल्या खेपेला लेकीने लिहिल्याबरहुकूम केलं आणि भोवरा थेट आजीच्या सुपात! त्याने कागद ओढून घेतला आणि जाळी, म्हणजे भोवऱ्याची दोरी, खालून वर गुंडाळायची, शेवटचं टोक बोटात अडकवायचं, हे सगळं बारकाईने भरलं. संध्याकाळी अंगणात भोवरा फिरला. खरं सांगू? त्याचं पान लेकीच्या पुस्तकापेक्षा सरस आहे, आणि हे मी भावाच्या घरी जेवतेय म्हणून म्हणत नाही.

मग तो चेकाळलाच. मत मांडायचं पत्र त्याने थेट बापाला लिहिलं. विषय: मला रात्री वावरात जागलीला न्यावे. कारण एक, रानडुकरं आली की टॉर्च धरायला माणूस लागतो. कारण दोन, मला फटाका लावता येतो. कारण तीन, आई म्हणते तुम्ही माळ्यावर झोपून जाता.

दादाने पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्या कारणापाशी वहिनीकडे पाहिलं. मग कागद परत दिला.

"अक्षर सुधर आंधी, मंग पाहू."