तुम्ही विचारलंत म्हणून : गांधीजी नसलेली नोट

"काकी, हेच्यात गांधीच नाय. किती मिळतले?"

वेंगुर्ल्याच्या बाजारात बांगडे निवडताना मला हे विचारतात, देवळाच्या पायरीवर विचारतात, एकदा तर मयताच्या घरी विचारलं. बँकेच्या कॅश काउंटरवर उमेद गेली आणि चुकीच्या छापलेल्या नोटा जमवायचा नाद लागला, त्याचं हे फळ. किंमत मी कुणालाच सांगत नाही. पण त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक असतो : चूक छापखान्यात झाली, की नंतर कुणी केली? त्याचं उत्तर देते. आज जरा सवडीने देते.

गेल्या आषाढात काजूच्या कारखान्यात कामाला असलेला एक मुलगा आला. रेनकोटच्या आत प्लास्टिकची फाइल, फाइलीत वहीचं पान, पानात शंभराची नवी जांभळट नोट. मागची राणीची वाव, ती पायऱ्यांची विहीर, जशीच्या तशी. पुढे सगळं जागच्या जागी, फक्त मधला चेहरा गायब. मोबाइलवर फोटो बघून तीन हजारांना घेतली होती. विकणाऱ्याने सांगितलं होतं, नोटांच्या सीलबंद पाकिटातून निघाली.

असं होतच नाही, असं नाही. २०१७च्या जानेवारीत मध्य प्रदेशातल्या श्योपूर जिल्ह्यात शेतकऱ्यांना गांधीजी नसलेल्या दोन हजारांच्या नोटा मिळाल्या होत्या. नोटा खऱ्या होत्या, छपाई चुकली होती. त्याआधी नोव्हेंबर २०१६मध्ये पाचशेच्या नव्या नोटांत चेहऱ्याला दुहेरी सावली दिसत होती, तेव्हा घाईत सदोष नोटा बाहेर पडल्या असतील असं रिझर्व्ह बँकेनेच म्हटलं होतं. म्हणून "छे, खोटीच" असं मी कुणाला तोंडावर म्हणत नाही. आधी दिवा घालवते.

खोलीत अंधार केला, टॉर्च टेबलाला टेकवून आडवी धरली, प्रकाश नोटेवरून घसरत जाईल अशी. मुलगा वाकून बघत होता. कोऱ्या दिसणाऱ्या जागेत आधी चष्म्याची गोल कड उमटली, मग कान, मग हनुवटी. शाई नव्हती, पण कागद विसरला नव्हता.

हे का होतं ते कळायला नोट कशी छापतात ते माहीत हवं. आधी पार्श्वभूमीची फिकट नक्षी ऑफसेटवर, म्हणजे सपाट छपाईने येते. मग इंटॅग्लिओ, म्हणजे उठावाची छपाई : कोरलेल्या प्लेटच्या खाचांत शाई आणि कागदावर प्रचंड दाब. गांधीजींचा चेहरा, अशोकस्तंभ, कडेच्या तिरक्या रेघा यातून येतात, म्हणून बोटाला लागतात. मग नंबर. सगळ्यात शेवटी मोठ्या तावाची कापणी. नाशिकच्या छापखान्यात १९२८पासून नोटा छापल्या जातात, आता देवास, म्हैसूर आणि सालबोनीही आहेत. यंत्रं बदलली, पण नंबर उठावाच्या नंतर आणि कापणी शेवटी, हे डोक्यात पक्कं ठेवलं की अर्धं काम होतं. नोट हातात आली की मी मनात एवढंच विचारते : यंत्राच्या कुठल्या पायरीवर हे झालं असेल? ती गोष्ट मला जुळवता आली नाही तर नोट परत.

आता इथे एक मेख आहे. उठाव दिसला म्हणजे शाई कुणी पुसली, असं लगेच म्हणता येत नाही. प्लेटवर शाई कमी पडली तरी दाब पडतोच, म्हणजे अस्सल चुकीतही कोरा उठाव राहू शकतो. दोन ताव चिकटून गेले आणि मागच्याला छपाई लागलीच नाही, तर उठावही नसतो. मग फरक कुठे बघायचा? शाई कमी पडते ती हळूहळू फिकी होत जाते, शेजारच्या भागालाही लागते. चेहऱ्याच्या कडेवर कातरीने कापल्यासारखी थांबत नाही. मुलाच्या नोटेत अशोकस्तंभ ठसठशीत, तिरक्या रेघा ठसठशीत, आणि चेहऱ्याभोवती मात्र खालची जांभळी नक्षीसुद्धा लंबगोलात उडालेली. नक्षी तर आधीच्या यंत्रावर छापलेली. दोन वेगळ्या यंत्रांना एकाच जागी, एकाच मापाचा लंबगोल कसा काय सुचला? भिंगाखाली कागदाचे तंतू पिंजलेल्या कापसासारखे उभे होते.

यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांची टॉर्च लावली तर तेवढाच गोल निळसर उजळला. नोटेचा कागद कापसाचा, तो असा चमकत नाही. चमकते ती धुण्याच्या पावडरीतली सफेदी. (म्हणून खिशात राहून धुतली गेलेली साधी नोटही निळी दिसते. अशा नोटेला कुणी नकली म्हणाला तर घाबरू नका, आधी पँट कुणी धुतली ते विचारा.) सीलबंद पाकिटातल्या नोटेला साबण कुठून लागला, याचं उत्तर विकणाऱ्याकडे नसणार.

आणि खरं सांगायचं तर "गांधीजी नाहीत" हेही पुरतं खरं नव्हतं. नोट उजेडासमोर धरली, उजवीकडच्या मोकळ्या पट्टीत जलचिन्हातले गांधीजी होतेच. ते कागद बनतानाच येतात, रसायनाने जात नाहीत.

लोक दुसरी हमखास आणतात ती आरशातली नोट : मागच्या बाजूला पुढचं चित्र उलटं उमटलेलं. यातली अस्सल चूक मला फार आवडते. ताव यंत्रात वेळेवर पोचत नाही, शाई समोरच्या रोलरला लागते, आणि पुढचा ताव आला की ती त्याच्या पाठीला बसते. खोटी करायची तर नोट द्रावणाने ओली करून दुसऱ्या नोटेवर दाबायची. ओळखायचं कसं? उलट्या चित्रात नंबर शोधा. चित्राच्या यंत्रावर नंबर नसतोच, तो नंतर वेगळा पडतो. नक्षी, चेहरा, नंबर असं सगळं एकदम उलटं उमटलं असेल, तर ते तयार नोटेवरून आलंय. शिवाय खरा उलटा छाप बहुधा पुढच्या चित्राच्या बरोब्बर पाठीमागे बसतो. उजेडात धरून बघा.

नंबरांचं वेड निराळंच. शुभ मानल्या जाणाऱ्या ७८६साठी आकडा खरवडून दुसरा बसवतात. २०१५पासून नोटांवरचे आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात, हे आमच्यासारख्यांवर मोठे उपकार. दुसऱ्या जागेवरून उचललेला आकडा मापाला चुकतोच. नंबराच्या मध्ये चांदणी असलेली नोट मात्र चूकही नाही आणि नकलीही नाही. २००६पासून सदोष नोटेच्या बदली अशी नोट पाकिटात घालतात, आणि २०२३च्या जुलैत रिझर्व्ह बँकेला ते पुन्हा सांगावं लागलं. आमच्या मासळी बाजारात तरी अजून चांदणी दिसली की नोट परत येते.

कापणीच्या चुकांना माझ्याकडे शाळेतली स्टीलची पट्टी आहे. नवी शंभरची १४२ बाय ६६ मिलिमीटर, जुनी १५७ बाय ७३. कापणी सरकली तर एका बाजूचं गेलेलं दुसऱ्या बाजूला मिळतं : शेजारच्या नोटेची कड येते, नाहीतर रुंद पांढरी पट्टी येते. नुसतीच चार मिलिमीटर कमी भरली तर ती घरची कात्री. अर्ध्या मिलिमीटरवरून भांडू नका, आमच्या हवेत कागद फुगतो.

आमच्या हवेचा विषय निघालाच तर, कोकणातल्या निम्म्या "रंगाच्या चुका" इथल्याच असतात. एकीने गुलाबी झालेली दहाची आणली, कुठल्याशा मासिकात म्हणे अशी लाखाला गेली. डागाची कड गडद, आत फिका, आणि घडीच्या रेषेत रंग मुरलेला. छापखान्याची शाई रेघांवर बसते, अशी कागदात पसरत नाही. कुठे होती ही नोट, म्हटलं. कोकमाच्या आगळाच्या बाटल्यांच्या पिशवीत. दुसऱ्याची नोट दुकानातल्या देवाच्या तसबिरीत वर्षानुवर्षं उन्हाला होती. चौकटीखाली दबलेली अर्धा बोट पट्टी अजून गडद होती. या दोघांनी कुणाला फसवलं नव्हतं, पण त्या नोटा उद्या मोबाइलवर चढल्या की फसवणूक सुरू. जुन्या नोटांच्या अशा खरेदी-विक्रीत आपण नाही आणि असल्या जाहिरातींना फसू नका, असं रिझर्व्ह बँकेने २०२१च्या ऑगस्टमध्ये स्पष्ट सांगितलंय.

मुलाला हे सगळं सांगेपर्यंत चहा निवला होता. त्याने शेवटचं विचारलं, निदान शंभरला तरी चालेल ना? तेही छातीठोक सांगता येईना. फाटक्या-खराब नोटा बदलून देण्याचे २००९चे नियम आहेत, पण मुद्दाम फेरफार केलेल्या नोटेचा दावा त्यात फेटाळता येतो. छापताना चुकलेल्या नोटेचं तसं नाही. २०१६ला रिझर्व्ह बँकेने म्हटलंच होतं, व्यवहारात घ्या नाहीतर परत करा.

त्याचा चेहरा बघवेना, म्हणून कपाटातून माझी वही काढली. पहिल्या पानावर जुन्या मालिकेतली शंभरची आहे, दोन्हीकडचे नंबर नसलेली. १९९९ साली एका प्रदर्शनात आठशेला घेतली. मी, रोज लाखांनी नोटा मोजणारी. घरी येऊन पाठीमागून बोट फिरवलं तर आकड्यांचे ठसे कागदात तसेच दबलेले होते, वरची शाई तेवढी खरवडलेली. मुलाने पाठीमागून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"म्हंजे तुमका स्वस्तात पडली, काकी."