घरचं बियाणं

"साहेब, तुम्ही दिलेली तूर उधळली," एवढं बोलून भाऊंनी फोन ठेवला.

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. जालना जिल्ह्यातलं गाव, तीन एकर कोरडवाहू रान, सोयाबीनमध्ये तुरीची तासं. सहा वर्षांपूर्वी मीच त्यांना बीएसएमआर-७३६ चं बियाणं दिलं होतं. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचा हा लाल दाण्याचा वाण मर (झाड उभ्याउभ्या वाळतं, त्यालाच भाऊ 'उधळणं' म्हणतात) आणि वांझ (झाडाला फुलं-शेंगाच धरत नाहीत) अशा दोन्ही रोगांना पुरून उरतो. दोन्ही गुण एका झाडात आणणं सोपं नसतं. १९८६ साली कर्नाटकात आलेल्या 'मारुती'नं मर अडवली, पण वांझ रोगापुढं तो टिकत नाही. दोन्ही रोगांत टिकणारं झाड निवडायला आम्ही वाण तयार करणारी माणसं मुद्दाम रोगट प्लॉट सांभाळतो. मरीनं मेलेल्या तुरीची धसकटं बारीक करून वर्षानुवर्षं त्याच मातीत मिसळायची. वांझ रोगासाठी तर रोगट झाडाचं पान निरोगी रोपाच्या पानावर घडी घालून चक्क ऑफिसातल्या स्टेपलरनं टाचायचं, म्हणजे हा रोग पसरवणारा, डोळ्यांना न दिसणारा कोळी इकडून तिकडं जातो. ओणवं राहून हजारो रोपं टाचली आहेत मी. एवढ्यातून जे झाड वाचतं, त्यावर माझा पक्का भरवसा असतो. म्हणून निघताना मनाशी ठरवूनच टाकलं होतं, की ही मर नाही, पाणी साचून खोड कुजलं असणार.

रानात गेलो. ओल होती, तरी झाडं माना टाकून उभी. बुडापासून जांभळट पट्टा वर चढलेला. विळ्यानं साल सोलली, तर आत लाकडावर काळपट रेघा. मरच होती. पण त्याच तासात हातभर अंतरावरचं झाड फुलांनी लगडलेलं. माती तीच, रोग तोच. वाण एकच असता, तर असं झालं नसतं.

घरी आल्यावर पेरून उरलेलं बियाणं मागितलं. वहिनींनी सुपात ओतलं. लाल दाण्यांत पांढरे दाणे, मूठभर नव्हे, चांगलेच. मी ते वेचत असताना त्या म्हणाल्या, "दोन वर्षं झाली, डाळ सारखी शिजत नाही. निम्मी गळून जाते, निम्मी तशीच राहते. यांना सांगितलं, तर म्हणले पाणी बदललं असेल."

घरच्या दोन वर्षांच्या वरणात जे उमटलं होतं, ते माझ्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

बांधापलीकडं शेजाऱ्याची पांढरी गावरान तूर. तुरीच्या फुलावर मधमाश्या येतात, २० टक्क्यांपर्यंत परागीकरण सहज बाहेरचं होतं. आणि ते लगेच दिसत नाही. संकर झाला त्या वर्षी दाणा आईसारखा लालच असतो, कारण टरफल आईचं. पुढच्या वर्षी त्या दाण्याचं झाड येतं, त्यालाही लालच दाणे, कारण लालपुढं पांढरा झाकला जातो. पांढरा उघडा पडतो तिसऱ्या हंगामात. तोवर मरीला बळी पडणारं रक्त बियाण्यात मुरलेलं असतं.

"तुम्हीच म्हणला होता की साहेब, मेळाव्यात. दरवर्षी पिशवी विकत घेऊ नका, घरचं बियाणं पेरा." भाऊंच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळं ते जास्त लागलं.

म्हणालो होतो. सोयाबीनसाठी ते अगदी बरोबर आहे, त्याचं फूल स्वतःच्याच परागावर भागवतं. मी त्याच दमात तुरीचंही सांगून टाकलं. प्रमाणित बियाण्याच्या प्लॉटला दुसऱ्या तुरीपासून १०० मीटर अंतर लागतं, हे मला पाठ आहे. तीन एकराचं रान चौकोनी धरलं, तर त्याची अख्खी बाजूच ११० मीटर भरते. भाऊंनी १०० मीटर आणायचे कुठून? वाण प्रसारित झाला की आमच्या पाठीवर थाप पडते. सहा वर्षांनी तो शेतकऱ्याच्या कोठीत काय होऊन बसलाय, हे बघायला कुणी जात नाही. मीही गेलो नव्हतो.

आणखी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. या रानात भाऊंचे वडील ज्वारीत तूर पेरायचे. ज्वारीच्या सोबतीनं मर कमी राहते, हे प्रयोगांतही दिसलेलं आहे. सोयाबीन आलं, ज्वारी गेली, आणि त्या बदलाला आम्हीही शिफारशी दिल्या.

गाडीत मलमलच्या पिशव्या होत्या. निरोगी, दाट शेंगांची ३० झाडं निवडली. फांदीवरच्या उमललेल्या फुलांना माशी बसून गेलेली असणार, म्हणून ती आणि धरलेल्या शेंगा खुडल्या, फक्त मिटलेल्या कळ्या ठेवल्या आणि वरून पिशवी बांधली. यंदा प्रत्येक झाडाचे दाणे वेगवेगळे आमच्या रोगट प्लॉटात पेरायचे, बघू त्यातली किती तासं उभी राहतात. पुढच्या पेरणीसाठी भाऊंना मात्र नवं बियाणंच द्यावं लागणार होतं.

दोरी आवळताना वहिनींनी विचारलं, "पिशवी काढायची कधी?"

"शेंगा धरल्या की."

"मग मी बघते रोज," त्या म्हणाल्या. "यांच्या ध्यानात नाही राहायचं."