कौलारू छपराच्या लाकडाचा हिशेब

आज कोकणातल्या एका जुन्या घराच्या छपरासाठी लाकडाचे अंदाजपत्रक तयार केले. घराची अर्धी रुंदी 10 फूट आणि भिंतीच्या माथ्यापासून आढ्याची (छपराच्या सर्वांत उंच कण्याची) उंची 5 फूट असल्याने वाशाची, म्हणजे आढ्यापासून भिंतीकडे उतरणाऱ्या लाकडाची, तिरपी लांबी सव्वाअकरा फुटांच्या आसपास भरते. पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर पडावे म्हणून त्यात वळचणीचा दीड फूट मिळवला, की 13 फुटी वासाच घ्यावा लागतो. नकाशावरची आडवी लांबी धरून काढलेला आकडा इथेच फसतो. 4 बाय 3 इंची असा एक वासा 1 घनफुटाहून थोडा अधिक भरतो (इंचांतली रुंदी, इंचांतली जाडी आणि फुटांतली लांबी यांचा गुणाकार करून 144 ने भागायचे), तर 2 बाय 1 इंची रीप (कौले टेकवण्यासाठी वाशांवर आडवी ठोकायची पट्टी) 72 फूट झाली की 1 घनफूट होतो. रिपांमधले अंतर मात्र कौल हातात घेऊन, त्याची खाच प्रत्यक्ष मोजूनच ठरवावे, असे माझे ठाम मत आहे.

जुने सागवानी वासे वळचणीकडच्या टोकांशी कुजले आहेत, पण मधला गाभा अजून टणक आहे. तो चिरून रिपा काढल्या तर नव्या सागवानाची खरेदी फक्त वाशांपुरतीच उरते, आणि घरमालकांनाही ते मनापासून पटले.