माळ्यावरचं उलटं प्लास्टिक

कॅनडातल्या विनिपेगच्या जानेवारीत उणे तीस अंशांचं कुणाला काही वाटत नाही. ऊन जरा तापलेल्या एका दिवशी मात्र आमच्या बेडरूमच्या छतावर पिवळट डाग उमटला. व्हिडिओ कॉलवर आई चिपळूणहून म्हणाली, "कौलं सरकली असतील." इथे कौलं नाहीत, आणि पाऊस म्हणाल तर तो ऑक्टोबरनंतर दिसलेलाच नाही.

उत्तर माळ्यावर मिळालं. छताच्या वर ग्लासवूलचा, म्हणजे ऊब आत धरून ठेवणाऱ्या काचतंतूंच्या लोकरीचा, जाड थर असतो, त्यावर आधीच्या मालकानं प्लास्टिकचा कागद पसरला होता. धूळ बसू नये म्हणून असेल, देव जाणे! खोलीत २१ अंश तापमान आणि ४० टक्के आर्द्रता असेल, तर ती हवा ७ अंशांच्या आसपास गार होताच पाणी सोडू लागते. म्हणून थंड मुलखात प्लास्टिक उबेच्या बाजूला हवं: छताच्या जिप्सम पाट्यांच्या लगेच वर, ग्लासवूलच्या खाली. वाफ गारठ्यापर्यंत पोचताच कामा नये. आमच्याकडे ती वूलमधून वर चढायची आणि भाताच्या झाकणाला धरते तशी प्लास्टिकला खालून धरायची. फक्त थेंबांऐवजी हिम. ऊन पडलं की ते वितळून थेट खाली.

वरचं प्लास्टिक काढणं सोपं होतं. भिजून दबलेलं वूल बदललं. खालचं मूळ प्लास्टिक जागेवर होतं, पण दिव्यांसाठी आणि वायरींसाठी पाडलेली भोकं तशीच उघडी. प्लास्टिकमधून झिरपते त्याहून कितीतरी जास्त वाफ अशा फटींतून हवेबरोबर वर जाते. त्यामुळे खरा वेळ सीलंट भरण्यातच गेला. त्यात कळलं की बाथरूमच्या पंख्याची नळी माळ्यातच संपते! ती छपराबाहेर काढली, थंड भागातल्या नळीला इन्सुलेशन गुंडाळलं. कुकर लावला की आता स्वयंपाकघरातला पंखाही चालू असतो.

घर १९९० आधीचं असेल आणि माळ्यावर चकाकते, खड्यांसारखे दाणे दिसले, तर हात लावू नका. ते व्हर्मिक्युलाइट, म्हणजे ऊब टिकवायला पूर्वी पसरत ते खनिज, असू शकतं, आणि त्यात ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुफ्फुसांना घातक तंतू, निघू शकतात. आधी तपासणी.

अमेरिकेतल्या उष्ण, दमट ह्यूस्टनच्या मैत्रिणीला हे सांगितलं तर तीही आतून प्लास्टिक लावायला निघाली. तिला थांबवलं. तिथे दमट हवा बाहेर आणि एसीचा गारवा आत, त्यामुळे वाफ बाहेरून आत येते आणि आतल्या प्लास्टिकमागे भिंतीतच अडकते. मुंबईत एसीच्या खोलीत विनाइल वॉलपेपरमागे बुरशी धरते, तीही बऱ्याचदा अशीच.