गिअरबॉक्स उतरवण्याआधी क्लचचं ऐका

गिअर जड पडायला लागला की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "क्लच सेट गेला, टाकून घ्या." बऱ्याचदा ते खरंही निघतं. पण छोट्या गाडीत हा सेट (क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग) बदलायचा म्हणजे ड्राइव्ह शाफ्ट काढून गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. सेटच्या किमतीवर मजुरी चढते, गाडी दिवसभर अडकते. आणि एवढं करून गिअर जडच राहिला, तर दोष पेडलपासून क्लचपर्यंत जाणाऱ्या वायरीत किंवा गिअर ऑइलमध्ये होता हे पैसे गेल्यावर कळतं. म्हणून आधी घरच्या घरी अर्ध्या तासाची तपासणी करावी. तिला एक पट्टी, एक टॉर्च आणि कान एवढंच लागतं.

इथे डोळ्यांसमोर आहे ती १९८३ पासून आपल्या रस्त्यांवर धावलेली मारुती ८०० आणि तिच्यासारख्या छोट्या पेट्रोल गाड्या. इंजिन आडवं, ओढ पुढच्या चाकांना आणि क्लच वायरीवर. ऑइलवर चालणाऱ्या क्लचचं वेगळेपण जिथे लागेल तिथे येईलच.

सुरुवात पायाखालच्या मॅटपासून करा. हसू नका. कंपनीच्या मॅटवर दुसरं जाड मॅट टाकलेलं असतं, ते पुढे सरकून पेडलखाली गोळा होतं, आणि पेडल दोन-अडीच सेंटीमीटर आधीच टेकतं. क्लच पूर्ण सुटत नाही, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नाही, आणि पहिला व रिव्हर्स गिअर अडतो. मॅट काढून एक फेरी मारा, मगच पुढचं बघा.

आता आवाज. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, न्यूट्रल, इंजिन चालू, एसी आणि टेप बंद, काचा खाली. पेडलवरचा पाय पूर्ण काढा आणि ऐका. मग पेडल अगदी हळू, बोटभर बोटभर दाबत खालपर्यंत न्या. आवाज कुठे सुरू होतो आणि कुठे थांबतो ते लक्षात ठेवायचं. मेकॅनिकला "आवाज येतो" एवढंच सांगण्यापेक्षा ही माहिती दहापट उपयोगी पडते.

पेडल मोकळं असताना शांत आणि दाबायला लागल्यावर सर्रर्र किंवा खरखर सुरू झाली, तर बहुधा रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला ढकलणारं बेअरिंग. वायरीच्या क्लचमध्ये पेडल मोकळं असताना हे बेअरिंग प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या तबकडीच्या) बोटांपासून, म्हणजे मधल्या स्प्रिंगच्या टोकांपासून, थोडं दूर असतं, म्हणून ते फिरत नाही. पेडल दाबलं की बोटांना टेकतं आणि फिरायला लागतं. आतलं ग्रीस सुकलेलं असेल तर ओरडतं. ऑइलच्या क्लचमध्ये ते बहुधा कायमच टेकलेलं असतं. तिथे आवाज सतत येतो आणि पेडल दाबल्यावर फक्त बदलतो.

याच्या उलट, पाय काढल्यावर घरघर आणि पेडल खाली गेल्यावर शांतता असेल, तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (इंजिनाची ओढ आत आणणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर जातो. न्यूट्रलमध्ये पेडल मोकळं असताना क्लच प्लेट आणि इनपुट शाफ्ट इंजिनाबरोबर फिरत असतात. क्लच सुटला की ते थांबतात, त्यांच्याबरोबर आवाजही. इथे क्लच सेट टाकून काहीच होणार नाही. यात एक बारीक फरक आहे. पेडलला नुसता पायाचा स्पर्श केल्याबरोबर खुळखुळ थांबत असेल, तर तो सैल क्लच फोर्क (रिलीज बेअरिंगला ढकलणारा काटा) किंवा बेअरिंगचा नुसता खडखडाट असतो. इनपुट शाफ्टचा आवाज मात्र पेडल चांगलं खाली गेल्याशिवाय थांबत नाही.

पेडलजवळ चर्रचर्र वाजत असेल तर ते पेडलच्या बुशचं किंवा स्प्रिंगचं रडगाणं. थोडं ग्रीस, काम संपलं. इंजिन बंद करताना खडखड होऊन मग शांत होत असेल, तर क्लच प्लेटच्या मधल्या छोट्या स्प्रिंगा सैल किंवा तुटलेल्या असू शकतात. आणि आवाज गाडीच्या वेगाबरोबर वाढत असेल, न्यूट्रलमध्ये गाडी घरंगळतानाही येत असेल, तर क्लच सोडा. व्हील बेअरिंग किंवा डिफरन्शियलकडे बघा.

सगळ्यात जास्त घोळ पेडलच्या प्लेवरून होतो. प्ले म्हणजे पेडल हाताने दाबताना खरा जोर लागायच्या आधी ते जेवढं मोकळं हलतं, तेवढं अंतर. पायाने हे कळत नाही, हातानेच बघायचं. पट्टी फ्लोअरला उभी टेकवून वरचं माप घ्या, दोन बोटांनी जोर लागेपर्यंत दाबा, पुन्हा माप घ्या. बऱ्याच छोट्या गाड्यांत हे अंतर १५ ते २५ मिमीच्या आसपास सांगितलेलं असतं. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत असतो आणि तोच खरा मानायचा.

क्लच प्लेट झिजली की प्ले वाढतो, असं बहुतेकांना वाटतं. होतं उलटं. प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेटची बोटं रिलीज बेअरिंगच्या दिशेला सरकतात आणि प्ले कमी होत जातो. तो शून्यावर आला की पाय काढलेला असूनही क्लच किंचित दाबलेलाच राहतो, स्लिप मारतो, म्हणजे पकड सोडून घसरतो, आणि उरलेली प्लेट भराभर संपते. प्ले वाढतो तो वायर ताणल्यामुळे, तिची बाहेरची नळी दबल्यामुळे किंवा फोर्क शाफ्टचे बुश झिजल्यामुळे. तेव्हा पेडल पूर्ण दाबूनही क्लच सुटत नाही आणि गिअर अडतो. म्हणजे प्ले कमी झाला की क्लच स्लिप मारतो, जास्त झाला की गिअर जड होतो. दोन्ही दोषांवर पहिला उपाय एकच नट आहे.

तो नट वायरीच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला, क्लच आर्मवर असतो. नट आणि आटे आधी वायर ब्रशने साफ करा, गंजरोधक ऑइल मारा आणि दहा मिनिटं थांबा. आटे असलेलं टोक पक्कडीत धरून नट फिरवायचा. तसं न धरता फिरवलात तर आतली वायर पिळते आणि महिनाभरात तुटते. नट एक-दोन फेरे फिरवला की पेडल चार-पाच वेळा मारून प्ले पुन्हा मोजायचा. नट आट्यांच्या अगदी टोकाला पोहोचला असेल तर सोडवायला जागा उरलेली नाही, हे समजा. अशा वेळी काही जण आर्म शाफ्टवरून काढून एक दात पुढे सरकवून बसवतात. त्याने गाडी चालते, पण झिजलेली वस्तू झिजलेलीच राहते. आर्म आणि शाफ्टवर पंचची खूण असेल तर ती जुळलेली आहे का ते बघा. जुळत नसेल तर हा उद्योग आधी कोणीतरी केलेला आहे.

पेडल जड आणि खरखरीत लागतं, मधेच किंचित अडखळतं, तेव्हा वायर बघा. आतले बारीक तार एकेक करून तुटत जातात, आणि पेडलकडच्या टोकाला फिसकटलेले दिसतात. ही वायर घाटातच तुटते, कारण तिथेच ती सगळ्यात जास्त मारली जाते. कोकणात पावसाळ्यात नळीत पाणी शिरून ती गंजते. आत नायलॉनचं अस्तर असलेल्या वायरीत ऑइल ओतू नये, त्याला धूळ चिकटून लेप बसतो. नवी वायर टाकताना नळीला तीव्र वळण येणार नाही आणि ती एक्झॉस्टजवळून जाणार नाही हे पाहायचं. वायर नवी आणि तरी पेडल जड? मग फोर्क शाफ्टचे बुश सुकलेत, किंवा प्रेशर प्लेटचीच बोटं झिजलीत.

आता गिअर. इंजिन बंद करा, क्लच पूर्ण दाबा आणि सगळे गिअर एकेक करून टाका. एखादा अडला तर गाडी इंचभर ढकलून पुन्हा टाका, कारण थांबलेले दात समोरासमोर आले की कोणताही गिअर अडतो. इंजिन बंद असताना सगळे मऊ आणि चालू केल्यावर जड, तर क्लच सुटत नाही. बंद असतानाही जड, तर गिअरच्या दांड्या, त्यांचे बुश किंवा गिअरबॉक्सच्या आतलं काहीतरी. मारुती ८०० मध्ये गिअर लिव्हरपासून मागून पुढे जाणारी दांडी गाडीच्या पोटाखालून जाते, म्हणून तिचे बुश चिखलाने खातात. नंतरच्या बऱ्याच गाड्यांत दांडीऐवजी दोन केबली आल्या. केबलीच्या टोकाची प्लास्टिकची वाटी झिजली की लिव्हर हलतो खूप, पण गिअर पूर्ण बसत नाही.

क्लच सुटतो की नाही याची पक्की परीक्षा रिव्हर्स गिअर घेतो, कारण अशा गाड्यांत रिव्हर्सला बहुधा सिंक्रो (गिअर पडताना दातांचा वेग जुळवणारी रचना) नसतो. इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता), पेडल पूर्ण खाली, मनात चारपर्यंत मोजा आणि मग रिव्हर्स टाका. मुकाट गेला तर क्लच नीट सुटतोय. कर्रर्र झालं तर इनपुट शाफ्ट अजून फिरतोय, म्हणजे प्लेट कुठेतरी घासतेय. फक्त ही परीक्षा घेताना आयडल वर चढलेलं नको. एसी चालू असेल किंवा आयडल बिघडलं असेल तर निर्दोष क्लचही दोषी ठरतो.

एकच गिअर कुरकुरतो, बाकीचे सरळ पडतात, असं असेल तर क्लचला दोष देण्यात अर्थ नाही. क्लच सगळ्या गिअरना सारखाच सुटतो किंवा सारखाच सुटत नाही. बहुतेक वेळा दुसरा गिअर कुरकुरतो, कारण शहरात तिसऱ्यातून दुसऱ्यात सगळ्यात जास्त वेळा यावं लागतं. दोन गिअरचा वेग जुळवणारी सिंक्रोची पितळी रिंग झिजलेली असते. खात्री करायची असेल तर तिसरा काढून न्यूट्रलमध्ये क्लच सोडा, ॲक्सिलरेटरला हलका झटका द्या, पुन्हा क्लच दाबून दुसरा टाका. असा मऊ पडत असेल तर रिंग गेली. गिअरबॉक्स उघडायची घाई नसेल तर याच पद्धतीने गाडी बराच काळ चालवता येते.

निफाडकडच्या डिसेंबरच्या पहाटे पहिली दहा मिनिटं गिअर जड आणि नंतर ठीक, हा गार पडून घट्ट झालेल्या ऑइलचा स्वभाव आहे, आजार नाही. मात्र डब्यावर कोणतं ऑइल आहे हे बघाच. अशा गिअरबॉक्सना बहुधा जीएल-४ दर्जाचं, ७५ डब्ल्यू-९० जाडीचं किंवा पुस्तिकेत लिहिलेलं ऑइल लागतं. दुकानदार "हे त्याहून भारी" म्हणून जीएल-५ हातात ठेवतो. त्यातली दाब सोसणारी रसायनं जास्त असतात, ती पितळी रिंगला मानवत नाहीत. शिवाय ते इतकं गुळगुळीत असतं की रिंगला वेग जुळवायला लागणारं घर्षणच मिळत नाही.

ऑइल बदलताना खालचा ड्रेन नट उघडण्याआधी बाजूचा भरायचा नट सुटतो का ते बघा. ड्रेन करून रिकामा केलेला गिअरबॉक्स आणि न निघणारा भरायचा नट, ही फजिती गॅरेजमध्येही होते. गाडी चारही बाजूंनी समपातळीत आणि स्टँडवर हवी, नुसत्या जॅकवर नाही. भरताना ऑइल बाजूच्या भोकाच्या काठाशी येऊन ओघळायला लागलं की बस. ड्रेन नटला लोहचुंबक असेल तर त्यावरचं बोटाने पुसून बघा. करडी, लोण्यासारखी मऊ पेस्ट चालते. सोनेरी चमक म्हणजे सिंक्रोचं पितळ. टोचणारे लोखंडी कण निघाले तर बेअरिंग किंवा दात तुटताहेत.

इंजिनाचं रबर माउंटिंग तुटलं असेल तर गाडी सुटताना धक्का बसतो, ती थरथरते आणि गिअरही अडतो. बॉनेट उघडं ठेवून कोणालातरी हँडब्रेकवर क्लच किंचित सोडायला सांगा आणि बाजूला उभं राहून बघा, इंजिन उडी मारतं का. समोर मात्र उभं राहू नका.

एवढं सगळं तपासून गिअरबॉक्स उतरवायचं ठरलंच, तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकत्र बदला. मजुरी तेवढीच पडते. प्लेटच्या रिव्हेटच्या डोक्यापर्यंत अर्धा मिलिमीटर खोलीही उरली नसेल तर ती संपली. फ्लायव्हीलवर (प्लेट जिच्यावर घासते त्या इंजिनाच्या जड चकतीवर) निळे डाग किंवा केसासारख्या भेगा असतील तर तो घासून घ्यावा लागतो, नाहीतर नवी प्लेटही थरथरते. प्लेट तेलकट निघाली तर क्रँकचं मागचं सील आणि इनपुट शाफ्टचं सील त्याच वेळी बदला, नाहीतर दोन महिन्यांत पुन्हा तोच खर्च. रिलीज बेअरिंग पेट्रोलने धुऊ देऊ नका, त्याचं ग्रीस आत कायमचं भरलेलं असतं. शाफ्टच्या दातांवर ग्रीसचा हात नुसता फिरलेला पुरे. जास्त झालं तर ते उडून थेट प्लेटवर जातं. प्लेट उलटी बसवली तर क्लच सुटतच नाही आणि सगळं परत खाली, म्हणून फ्लायव्हीलकडची बाजू कुठली हे बसवण्याआधी बघायचं. आतली धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

जुने तिन्ही भाग मागून घ्या आणि प्लेटची जाडी स्वतः बघा. नवा सेट बसल्यावर पहिले काहीशे किलोमीटर चढावर हाफ क्लच धरून गाडी रोखू नका, त्यासाठी हँडब्रेक आहे. ५०० किलोमीटर झाले की पट्टी घेऊन प्ले पुन्हा एकदा मोजा. नवी प्लेट आणि वायर या दोन्ही गोष्टी सुरुवातीलाच थोड्या बसतात.